‘अपना वॉर्ड’चा चार्ज

जगतपुरा, जयपूर
गुरुवार, ५ फेब्रुवारी २००९, सकाळचे ९.४०

प्रिय उत्कर्षा,

तारखेसोबत वेळही लिहिली आहे, त्यावर आधी हसून घे. चौतीस वर्षं स्टेशन मास्तर म्हणून प्रत्येक कागदावर वेळ टाकली, आता हात ऐकत नाही. परवा तुझ्या आईने किराण्याची यादी करायला सांगितली, तर तिच्यावरही मी ७.५५ टाकले आणि खाली सही ठोकली. दुकानदार म्हणाला, मास्टरजी, मोहर भी लगा देते. तू हिंदी शाळेत शिकलीस, मराठी वाचताना तुझं बोट ओळीखालून सरकत जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतोय. पत्र लांबणार आहे. दोन बैठकांत वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच, एवढं माझ्यासाठी कर.

आधी बातमी सांगतो. तुझ्या ‘अपना वॉर्ड’ला नवा निवेदक मिळाला आहे. येत्या बावीस तारखेला, रविवारी, सकाळी अकरा वाजता त्याची ओळख करून देणारा भाग रेकॉर्ड व्हायचा आहे. जागा तीच, पवनजींच्या सायबर कॅफेची मागची खोली, जिथे आवाज घुमू नये म्हणून तू आपल्या घरातल्या चार गाद्या नेऊन भिंतीला टांगल्या होत्यास. आठ महिने बंद पडलेलं पॉडकास्ट पुन्हा सुरू होणार म्हणून सोसायटीत सगळे खूश आहेत. अडचण एकच आहे. हा नवा निवेदक म्हणजे मी, आणि मला अजून पहिलं वाक्यसुद्धा धड बोलता आलेलं नाही. पवनजींनी निक्षून सांगितलंय की बावीसला भाग झाला नाही तर तेवीसला त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन येणार. मशीनवाल्याला ते शब्द देऊन बसलेत. म्हणजे एक तर मी बोलायचं, नाहीतर तुझा कार्यक्रम कायमचा संपला. गाद्या परत आणायला तुझी आई तयारच आहे, ती म्हणते निदान पाहुणे आले तर अंथरायला होतील.

माझं नाव कसं निघालं ते ऐक. तू पुण्याला गेल्यावर पवनजींनी स्वतः दोन भाग करून पाहिले. पहिल्या भागात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकून हसू फुटलं ते थांबेचना, ते इंटरनेटवर चढवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्यात त्यांनी वॉर्ड ऑफिसचे फोन नंबर वाचून दाखवले आणि मग लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सीडी रायटिंग यांचे दर सांगितले. त्यानंतर कोणी काही केलं नाही. पण लोक विसरले नव्हते. भाजीवाला अजून विचारतो, बिटिया वाला प्रोग्राम कब आएगा, त्याच्या मोबाइलमध्ये तुझे जुने भाग आहेत, ब्लूटूथने घेतलेले, तो दुपारी गाडीखाली बसून तेच तेच ऐकतो. मग सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर लाडू वाटता वाटता विषय निघाला की नवा निवेदक कोण. प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. तेवढ्यात तुझी आई उभी राहिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, इनको ले जाओ, ये दिनभर घर में अनाउन्समेंट करते हैं.

ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. सप्टेंबरअखेर रिटायर झाल्यापासून मला दिवस पुरत नाही असं सगळ्यांना वाटतं, खरं म्हणजे तो सरत नाही. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ मी कॅलेंडरवर लिहितो. दूधवाला बारा मिनिटं लेट आला तर कारण विचारतो. एकदा आई न्हाणीघरात असताना मी बाहेरून सांगितलं की पाण्याची टाकी दहा मिनिटांत रिकामी होत आहे, कृपया नोंद घ्यावी. त्यावर तिने दोन दिवस माझ्याशी हिंदीत बोलणं ठेवलं. माहेरची अमळनेरची बाई, रागावली की हिंदीत शिरते, तू जाणतेस. तर असा मी सर्वानुमते निवडून आलो. टाळ्याही झाल्या. मला सांगू का, बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला ड्यूटी लावली होती.

तालमीच्या पहिल्या दिवशी मी पँट-शर्ट इस्त्री करून, बूट घालून गेलो. पवनजींनी मला तुझ्या त्या फिरत्या खुर्चीत बसा म्हणून खूण केली. मी बसलो नाही. मी विचारलं, चार्ज बुक कुठे आहे. त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे एक मास्तर ड्यूटी संपवतो आणि दुसरा सुरू करतो, तेव्हा दोघं टेबलाशी समोरासमोर उभे राहतात. जाणारा वहीत लिहितो, काय काय सोपवलं, कुठली गाडी कुठे आहे, काय बिघडलं आहे. खाली त्याची सही, तिच्याखाली येणाऱ्याची सही, आणि मगच नवा माणूस खुर्चीत बसतो. चौतीस वर्षांत मी एकदाही याशिवाय बसलो नाही. एकदा समोरच्याला ताप होता तर त्याला उठवून भिंतीला टेकवून सही घेतली होती. पवनजी म्हणाले, अरे मास्टरजी, ये रेलवे थोड़ी है, एक माइक है, एक कुर्सी है, बैठ जाओ. मी उभ्यानेच बोलेन म्हणालो.

उभ्यानेही जमलं नाही. तू कसं सहज म्हणायचीस, नमस्कार, मैं उत्कर्षा, और यह है अपना वॉर्ड. मी नमस्कारपर्यंत पोचतो. ‘मैं’ म्हटलं की पुढे गाडी सरकत नाही. पवनजी म्हणाले आधी लिहून आणा, म्हणून घरी बसून ओळख लिहिली. सर्व्हिस बुकात असते तशी लिहिली गेली. नाव, पदनाम, जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण डाव्या भुवईवर व्रण. आई म्हणाली हे वाचलं तर लोकांना वाटेल हरवलेल्या माणसाची जाहिरात आहे. मग तिनेच चष्मा लावून कागद ओढला आणि दोन ओळी लिहून दिल्या. हे माझे मिस्टर. माणूस चांगला आहे पण कोणाचं ऐकत नाही. मी म्हटलं, अगं, निवेदकाचं काम लोकांचं ऐकण्याचं असतं, आणि तू हे पहिल्याच भागात सांगायला निघालीस. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय, नंतर तक्रार नको.

तिचं ते वाक्य मला फार लागलं. का लागलं ते तुला माहीत आहे, मी पुढे त्यावर येणारच आहे, जरा दम धर. उतार असला की मी आधी ब्रेक दाबतो, जुनी खोड आहे.

शुक्रवारी, तीस जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता आपल्या वॉर्डच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, जयंतीजी घरी आल्या. सोबत त्यांचे यजमान उमाकांतजी होतेच. त्या दोघांचं तू मला पूर्वीच सांगितलं होतंस. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून निवडून जयंतीजी आल्या आणि पार्षदकी उमाकांतजी करू लागले. मीटिंगला ते, उद्घाटनाला ते, अर्जावर सही तेवढी बाईंची. त्यांच्या स्कूटरच्या पाटीवर ‘पार्षदपति’ असं लाल रंगात लिहिलेलं आहे, ते तर मी स्वतः पाहिलंय. तुझ्या आईने जयंतीजींना विचारलं चहात साखर किती घालू. उत्तर उमाकांतजींनी दिलं, डेढ़ चम्मच. तुझी आई एरवी कोणाला पटकन काही म्हणत नाही, पण त्या दिवशी तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, भाईसाहब, आप ज़रा मेरे साथ आइए. स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं आणि पुढ्यात दोन किलो मटारची परात सरकवली. ते सोलायला लागले. मोठा माणूस असला तरी पुढ्यात शेंगा आल्या की सोलतोच.

मग जयंतीजी माझ्याकडे वळल्या. मला वाटलं नव्या भागासाठी अभिनंदन करायला आल्यात. त्यांनी विचारलं, मास्टरजी, मेरी वाली रिकॉर्डिंग कहाँ गई? मी बशी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, उत्कर्षाशी त्या एकट्या अकरा मिनिटं बोलल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. नळाचं, अंगणवाडीच्या छपराचं, त्यांना स्वतःला काय करायचंय ते सगळं. टोंकला त्यांच्या आईला फोन करून सांगितलं की इंटरनेटवर मी आले आहे. आईने भाच्याला कामाला लावलं. त्याने शोधलं, सगळे भाग सापडले, तेवढाच नव्हता. आई फोनवर म्हणाली, जाने दे बेटा, तू बोली होगी घर में. आठ महिने ती म्हातारी समजते की मुलीने मोठेपणासाठी थाप मारली.

आता मी तुला जे सांगणार आहे ते तुला माहीत असलेलंच आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. भाग एकतीस मी काढून टाकायला लावला. गेल्या जूनमध्ये, जयंतीजींचा तो भाग लागल्यावर लगेच, उमाकांतजी आपल्या घरी आले होते. तू बाहेर होतीस. चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि उठता उठता विचारलं, मास्टरजी, आपकी सर्विस कितनी बची है? मी म्हटलं चार महिने. ते बरं बरं म्हणाले आणि गेले. बस, एवढंच घडलं. पण सरकारी नोकराला चार महिने उरलेले असताना पार्षदाच्या घरचा माणूस सर्व्हिस विचारतो, याचा अर्थ काय लावायचा. मी लावला तो असा की मुलीला आवर, नाहीतर जाता जाता चौकशी लागेल. रात्री जेवलो नाही, आईला पोटाचं कारण सांगितलं. सकाळी ९.०५ला पवनजींच्या हातात मेमो दिला. भाग क्रमांक ३१ तात्काळ मागे घेण्यात यावा. खाली सही. ते बिचारे समजले घरात ठरलेलंच असेल. तुला चार दिवसांनी कळलं. तू तो मेमो माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलास, पाण्याचा पेला ठेवतात तसा. मी त्याची घडी करून खिशात टाकली आणि भाजी वाढ म्हटलं. त्यानंतर दहा दिवसांत तू पुण्याच्या रेडिओची नोकरी घेतलीस.

हे सगळं मी जयंतीजींना सांगून टाकलं, हिंदीत, उभा राहून. मैंने हटवाई, असं सरळ म्हटलं. त्यांना एवढं आश्चर्य वाटलं की त्या स्वयंपाकघराकडे बघायलाच लागल्या. मैं तो समझी थी इन्होंने हटवाई, म्हणाल्या. आठ महिने त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलत होत्या आणि तो कारण न कळून त्यांना खूश करायला घराला रंग लावून बसला होता. तेवढ्यात उमाकांतजी हातात शेंग घेऊन दारात आले. म्हणाले, कोणती रिकॉर्डिंग? त्या दिवशी तर मी रेल्वे फाटकावर अडकलो होतो, मला वाटलं कार्यक्रम रद्द झाला. मी विचारलं, मग तुम्ही माझी सर्व्हिस का विचारलीत? त्यांनी सांगितलं ते तू नीट वाच. सोसायटीच्या बागेची समिती करायची होती, अध्यक्ष म्हणून रिटायर होणारा, वेळेचा पक्का माणूस हवा होता. मैंने तो बस इसलिए पूछा था, जी. उत्कर्षा, मला कोणी धमकावलंच नव्हतं. सगळी धमकी मी माझ्या डोक्यातच तयार केली, माझ्या डोक्यातच पोचवली, आणि पोचपावतीही मीच दिली. शिक्षा मात्र तुला, जयंतीजींना, टोंकच्या म्हातारीला आणि या शेंगा सोलणाऱ्या माणसाला.

तुझी आई मागे उभी होती. ती परात उचलून घेऊन गेली. रात्री मटारची उसळ मला वाढताना मात्र म्हणाली, ज्यांनी सोलले त्यांना डबा पाठवलाय, तुम्हाला उरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पवनजींकडे गेलो. भाग त्यांनी पुसला नव्हता, नुसता बाजूला ठेवला होता. म्हणाले, बिटिया की मेहनत थी, डिलीट का बटन दबा नहीं. त्याच मागच्या खोलीत गाद्यांना पाठ लावून आम्ही तो ऐकला. जयंतीजी खाली मान घालून बसल्या होत्या. उमाकांतजी सवयीने उत्तर द्यायला तीनदा तोंड उघडून बसले आणि तिन्ही वेळा रेकॉर्डिंग त्यांच्यासाठी थांबलं नाही. शेवटी शेवटी ते ऐकायलाच लागले. अंगणवाडीच्या छपराचं आलं तेव्हा बायकोकडे वळून म्हणाले, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बाई म्हणाल्या, सांगितलं होतं, तुम्ही उत्तर देत होतात. आता त्या स्कूटी शिकतायत. बावीसच्या भागात पाहुण्या म्हणून त्याच येणार, एकट्या, स्वतः चालवत. उमाकांतजींनी बागेच्या फाटकापाशी थांबायचं कबूल केलंय. टोंकला भाच्याच्या मोबाइलवर भाग पोचला. म्हातारीने अख्ख्या गल्लीला बोलावून ऐकवला म्हणे.

आणि मी? मी तो भाग त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काढताना मी ऐकलाच नव्हता. सरकारी कागद आम्ही वाचून सही करायचो, लेकीचं मात्र न ऐकता रद्द केलं. भागाच्या शेवटी तू हसत म्हणतेस, आजची ही भेट झाली कारण फाटक चाळीस मिनिटं बंद राहणार होतं आणि ते मला आधीच ठाऊक होतं, त्याबद्दल आमच्या घरच्या स्टेशन मास्तरांचे आभार. मला आठवलं. त्या सकाळी पोहे खाताना तू सहज विचारलंस, पप्पा, आज फाटकावर मालगाडी कधी थांबणार. मी पेपरमधून डोकं न काढता सांगितलं, ११.१० ते ११.५०. एवढा मोठा उपयोग माझ्या त्या उत्तराचा झाला होता, आणि तू मला सगळ्या वॉर्डसमोर धन्यवाद दिले होतेस. आधी ऐकलं असतं तर मी आणखीच घाबरलो असतो, हेही खरं. पण निदान तुझा शब्द माझ्यापर्यंत पोचला असता. तिथून घरी आल्यावर मी पहिल्या भागापासून सुरुवात केली. आता एकतीसही झाले. तू किती छान ऐकतेस गं. समोरचा थांबला की तू लगेच बोलत नाहीस, त्याला अजून एक वाक्य बोलू देतेस. ते मला शिकव.

तुझ्या सातव्या भागानंतर कोपऱ्यावर रस्त्याचा जो दिवा लागला तो अजून लागलेलाच आहे. दिवसाही बंद होत नाही. चार मिस्त्री येऊन गेले, कोणाला त्याचं बटन सापडत नाही. सगळे त्याला उत्कर्षा की लाइट म्हणतात. रिक्षावाल्यांनाही तीच खूण सांगतात, उत्कर्षा की लाइट से लेफ्ट. मी रोज दुधाला जाताना त्याच्याकडे बघतो.

अजून एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या आईलाही नाही. तू गेलीस त्या दुपारी माझी ड्यूटी होती. तुझी गाडी माझ्या स्टेशनवर थांबत नाही, नुसती जाते, आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मास्तरने बाहेर उभं राहून हिरवी झेंडी दाखवायची असते. सुट्टी घेता आली असती. घेतली नाही, कारण तुला सोडायला जयपूर स्टेशनवर आलो असतो तर तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचलं नसतं. ३.२२ला गाडी आली. मी झेंडी धरून उभा होतो. एस-६ चा डबा गेला, तू खिडकीशी होतीस, तुझं डोकं पुस्तकात होतं. गार्डशी सगळं ठीक आहे अशी खूण झाली, मी आत येऊन वहीत लिहिलं, गाडी सुरक्षित गेली. चौतीस वर्षांत तेवढीच नोंद मी खोटी केली असं मला वाटतं. तेव्हापासून तू फोन करतेस तेव्हा मी उचलला तर तू म्हणतेस आई आहे का, आणि मी म्हणतो देतो. आठ महिन्यांत आपलं संभाषण एवढंच आहे. मी तर आता फोन वाजला की धावतो, निदान तेवढं ऐकायला.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. पवनजींना वाटतं मला माइकची भीती वाटते, आईला वाटतं मी हट्टी आहे. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण खरं कारण चार्जचं आहे. आमचा नियम असा की समोरासमोर चार्ज दिल्याशिवाय आधीचा माणूस सुटत नाही, तो ड्यूटीवरच मानला जातो. तू घाईत गेलीस, माझ्यामुळे गेलीस, चार्ज दिला नाहीस. म्हणजे कागदोपत्री तू अजून इथेच आहेस. हे आठ महिने मी याच आधारावर काढले, आणि त्या खुर्चीत बसलो तर तो आधार जाईल म्हणून बसत नाही. सोबत चार्जचा कागद पाठवतोय, तुझी सही पोस्टाने चालणार नाही हे आधीच सांगतो. माइक एक, त्याचा स्पंज उंदराने खाल्लेला. कानाला लावायचं यंत्र एक, फक्त डाव्या बाजूने चालतं. गाद्या चार. दिवा एक, अखंड चालू. भाग एकतीस, पैकी शेवटचा माझ्या हाताने काढला गेला होता, तो ३१ जानेवारीला परत लावला, चूक सर्वस्वी माझी, शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून सही केली आहे. जाणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे. वीस तारखेच्या गाडीचं तुझं तिकीटही पाकिटात आहे. माझ्या पासवर तू बसत नाहीस, कमावत्या मुलीला तो मिळत नाही, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीसमोर रांगेत उभं राहून तिकीट काढलं. आतला मुलगा मला ओळखत होता, तो म्हणाला, मास्टरजी, आप लाइन में? मी म्हटलं, बेटी का है. वरचा बर्थ घेतलाय, साइडचा, तुला आवडतो तो. ये, मला त्या खुर्चीत बसव, आणि रविवारी अकरा वाजता तूच सांग की हा नवा निवेदक कोण आहे. मला ते सांगता येत नाही, तुझ्या तोंडून ऐकल्यावर येईल. यायचं नसेल तरी रागावणार नाही, कार्यक्रम मी उभ्यानेच चालवेन, झेरॉक्सचं मशीन येऊ देणार नाही. पण शनिवारी गाडीच्या वेळेला मी प्लॅटफॉर्मवर असेन, आणि या वेळी माझ्या हातात झेंडी नसेल.

तुझाच, अजून उभा असलेला,
पप्पा
(सकाळचे ११.५०, फाटक उघडलं)